पांढऱ्या संघाचे शनिवार

रविवार, ४ नोव्हेंबर

मार्लीची व्हॉलीबॉलची निवड चाचणी झाली. लिंकनच्या हॉलमध्ये सहा नेट लावली होती आणि पाठीवर आकडे चिकटवलेल्या चौदा वर्षांच्या मुली इतक्या, की त्यातली माझी कुठली हे मला वेणीवरून शोधावं लागलं. डेल असता तर आपली मुलगी त्याला लगेच सापडली असती. तो तिला पायांवरून ओळखायचा. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये दोरी बांधून त्यानेच तिला चेंडू उचलायला शिकवलं.

संध्याकाळी ब्लूस्टेम क्लबचे दोन फोन आले. या वयाचे त्यांचे दोन संघ आहेत. लाल हा पहिला. तो विमानाने देशभर खेळायला जातो आणि विद्यापीठांची माणसं त्याचे सामने पाहायला येतात. पांढरा हा दुसरा. मोटारीने एका दिवसात जाऊन येता येईल, तेवढंच त्याचं जग.

लालचे कोच स्टानेक म्हणाले, "दहावी जागा मार्लीची. खोटं सांगत नाही, या वर्षी बहुतेक वेळ बाकावर बसावं लागेल. पण सराव आमच्याबरोबर होईल."

पांढऱ्याची कोच ट्रिना बालवाडीत शिकवते आणि फोनवरही तशीच बोलते. "माझ्याकडे चेंडू उचलून द्यायला सेटरच नाही हो! मार्ली आली तर प्रत्येक चेंडू तिच्या हातून जाईल. जिंकू असं मात्र मी म्हणत नाही."

उत्तर उद्या दुपारपर्यंत द्यायचं आहे. उशीर केला तर जागा पुढच्या मुलीला जाते.

मी राजमा-खिम्याची चिली वाढली, दालचिनीचे रोल ठेवले आणि म्हटलं, "बोल."

"लालबरोबर आईवडील जातात?"

"शेरिल जाते पेटनबरोबर. काही जण जातात. मी काय करू येऊन? कोच असतातच की."

"आणि पांढऱ्यात?"

"पांढऱ्यात गाड्या पालकांनाच चालवाव्या लागतात. शिवाय टेबलाचं काय काय काम असतं म्हणे."

तिने दुसऱ्यांदा वाटी भरून घेतली. "मग पांढरा," म्हणाली.

एवढंच. जणू मोजे निवडले.

मला वाटतं ती घाबरली. डेलने तिला पाळण्यात असताना लाल टोपी घातली होती. लाल म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या संघाचा रंग, या राज्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

सोमवार, ५ नोव्हेंबर

कामावरून, शाळेच्या स्वयंपाकघरातून, दोन्ही फोन केले. बारावीनंतर मी शाळा पाहिली ती याच दारातून. स्टानेक "बरं" म्हणाले. ट्रिना इतकी ओरडली की भांडी घासणाऱ्या रूथने मागे वळून पाहिलं.

दुकानात पेटनची आई शेरिल भेटली. पेटन आणि मार्ली पहिलीपासूनच्या मैत्रिणी. पेटन लालची सेटर आहे. शेरिल म्हणाली, "पांढरा छानच आहे गं. काही ताणच नाही! मुली मजा करतात."

मी फक्त अंड्यांचा डबा उघडून पाहिला, फुटली आहेत का ते.

शनिवार, १० नोव्हेंबर

डेलकडे, त्याच्या कबरीपाशी गेले. नेहमीसारखं घडीचं स्टूल, थर्मास आणि पुस्तक घेऊन. तो गेल्यावर मी आमच्या वाचनालयाचं पहिलं कपाट पहिल्या पुस्तकापासून वाचायला घेतलं. सध्या मधमाश्यांवर आहे. बरं पान आलं की त्याला मोठ्याने वाचून दाखवते. वारा फार होता. तरी दुपार काढली.

घरी आल्यावर मार्लीने विचारलं, "दिवसभर काय करतेस तिथे?"

"बसते."

"दर शनिवारी?"

"शनिवार तुझ्या बाबांचा."

ती शेडमध्ये गेली आणि कितीतरी वेळ भिंतीवर चेंडू आपटत राहिली.

डेलला मी सांगितलं की तुझी मुलगी खालच्या संघात गेली. त्याने ऐकून घेतलं. जिवंतपणीही तो असाच ऐकून घ्यायचा आणि मनातलं मनात ठेवायचा.

शनिवार, ५ जानेवारी

पहिली स्पर्धा. पहाटे निघालो. मागच्या सीटवर तिघी मुली, पुढे मार्ली, आणि तिच्या पायाशी खाण्याची पेटी.

तिन्ही सामने हरलो.

आणि एक नवीन गोष्ट कळली. जो संघ हरतो तो घरी जात नाही. त्या मैदानावरच्या पुढच्या सामन्याचं काम त्याला करावं लागतं. दोन मुली झेंडे घेऊन कोपऱ्यांत उभ्या राहून चेंडू आत की बाहेर ते दाखवतात, बाकीच्या गुणफलक बदलतात आणि गुण लिहितात. टेबलावर एक मोठं माणूस लागतं. जिंकलेले तोवर सँडविच खातात.

ट्रिना माझ्याकडे आली. "टेबल तुम्हीच ना? मार्ली म्हणाली, आईला लिखापढीची आवड आहे."

असं मी कधी म्हटलं होतं? पण तेवढ्यात शिटी वाजली आणि पेन्सिल माझ्या हातात होती. कुणाची सर्व्हिस, कुणी बदली आली, कुणी वेळ मागितला, सगळं त्या कागदाच्या बारीक चौकटींत बसवायचं. मी इतकी चुकले की पंच शिडीवरून खाली उतरून आला. उंच, म्हातारा, वेंडेल क्राउजे नावाचा. पूर्वी टपाल वाटायचा.

"बाई, तुमच्या कागदाप्रमाणे या मुलीने स्वतःलाच सर्व्हिस केली आहे."

"ती करू शकत नाही का?"

"आजवर तरी कुणी केली नाही."

मार्ली झेंडा तोंडावर धरून हसत होती. तिला असं हसताना मी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पाठ दुखते आहे. डेलकडे जाणं झालं नाही. उद्या चर्चमधल्या मासनंतर जाईन.

शनिवार, १९ जानेवारी

हरलो, काम केलं. पुन्हा हरलो, पुन्हा काम केलं. नियमांचं पुस्तक आठवडाभरात संपवलं. मधमाश्यांपेक्षा सोपं निघालं. त्यांच्यातही राणी न झालेल्यांना काम असतंच.

वेंडेलने कॉफी आणून दिली. तो नेहमी दोन पेले घेतो आणि एक त्याला जास्त होतो. वाया जाऊ नये म्हणून मी पिते.

परतताना मार्लीला म्हटलं, "लालमध्ये असतीस तर निदान जिंकणाऱ्यांत बसली असतीस."

"बाकावरून नेटच्या पलीकडलं नीट दिसत नाही, आई. झेंडा धरला की सगळं समोर येतं. कोण कुठे बघते, कोण थकली, कोण घाबरली."

"म्हणजे हरण्यात फायदा आहे?"

मागून ऑली म्हणाली, "काकू, मग आमच्याएवढ्या फायद्यात अख्ख्या राज्यात कुणी नाही." ऑली संघातली सर्वात बुटकी आणि सर्वात तोंडाळ.

शनिवार, २ फेब्रुवारी

लाल संघही याच हॉलमध्ये होता. आम्ही हरलो म्हणून त्यांच्या सामन्याचं काम आमच्याकडे आलं. काय खेळतात त्या मुली! जणू एकाच अंगाला बारा हात. मार्ली कोपऱ्यात झेंडा धरून आणि तिची मैत्रीण आत राणीसारखी. मला बघवेना, म्हणून कागदावरून मान वर केली नाही. शेरिल मागे घंटा वाजवत होती.

वाटेत वाटलं होतं मार्ली रडेल. ती मात्र मुलींना समजावत होती. "पेटन चेंडू वर न उचलता स्वतःच पलीकडे टाकणार असली ना, की आधी तिचा डावा खांदा खाली जातो. बघितलास, ऑली?"

"मी कुठे बघणार? मी तुझ्या आईसाठी पेन्सिल शोधत होते."

मी खसखशीचे गोड पाव, कोलाचे, केले होते. वेंडेलने चार खाल्ले आणि म्हणाला, आईच्या हातचे असेच असायचे. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली असं कळलं. पुढच्या वेळी जरा जास्त करावेत. एकटा माणूस, नीट खात नसेल.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

पेटनचा घोटा मुरगळला. गंभीर नाही, पण दोन आठवडे खेळायचं नाही. स्टानेकनी स्वतः फोन केला. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लाल संघ डेन्व्हरला मोठ्या स्पर्धेला जातो आहे. मार्ली त्यांच्यात येऊन सेटर म्हणून खेळेल का? आणि नीट खेळली तर पुढेही तिथेच राहील.

माझे हात पिठात होते, ते तसेच कानाला लागले. डेल, मी मनात म्हटलं, ऐकलंस का?

मार्ली म्हणाली, "त्या शनिवारी आपली कोलंबसला स्पर्धा आहे."

"कोलंबस? अगं, ते डेन्व्हरला बोलावताहेत!"

"पांढऱ्यात दुसरी सेटर नाही."

"बघतील त्या त्यांचं. असा दरवाजा दोनदा उघडत नाही. एकदा घाबरलीस, मी काही बोलले नाही—"

"मी घाबरले नव्हते."

"मग काय होतं? तुझे बाबा असते तर—"

"बाबा असते तर तूही शनिवारी माणसांत असतीस!"

आणि खोलीचं दार लावून घेतलं.

याचा आणि व्हॉलीबॉलचा काय संबंध? दुःख मुलांच्यात असं वेडंवाकडं बाहेर येतं, असं मागे एका पुस्तकात वाचलं होतं. दाराबाहेर रोल ठेवला. झोपायला जाताना पाहिलं, ताटली रिकामी होती.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

तिनेच स्टानेकना फोन करून नाही सांगितलं. मी जिन्यावर उभी होते. आवाज कापला नाही. "आभारी आहे, कोच. पण माझा संघ आहे." आमच्या गावात तिच्या दुप्पट वयाच्या माणसांना स्टानेकना नाही म्हणता येत नाही.

शेरिल म्हणाली, "अगं, तिला सांगायचं ना तू! आई आहेस की पाहुणी?"

उत्तर घरी आल्यावर सुचलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी

जिंकलो! कोलंबसला पहिला सामना जिंकलो. आणि तिसराही.

मी टेबलावर नव्हते, कारण जिंकणाऱ्यांना काम नसतं, त्यामुळे मला हात कुठे ठेवावेत ते समजेना. टाळ्या वाजवल्या. बाजूच्या बाईने विचारलं, "ती सेटर कुणाची?" मी "माझी" म्हटलं आणि तिच्या हातात दालचिनीचा रोल ठेवला.

लाल डेन्व्हरला नववे आले म्हणे. मार्ली असती तर... जाऊ दे.

सोमवार, १८ मार्च

आज डेलला जाऊन दोन वर्षं झाली. काम आटोपून गेले. गवत वाढायला लागलं होतं. मी सलग दोन शनिवार चुकवले हे गवत पाहून कळलं. माफी मागितली. मग स्पर्धा कशा झाल्या ते सांगत बसले आणि पुस्तक उघडायचं राहूनच गेलं. पिशवीत पुस्तकाऐवजी गुणांचे कोरे कागद आणले होते, हे नंतर लक्षात आलं.

तू नसण्याची सवय होत नाही, डेल. फक्त ते उचलून चालायची सवय होते.

रविवार, २८ एप्रिल

कसं लिहू?

कर्नीला विभागाची शेवटची स्पर्धा होती. काल गटात आम्ही दुसरे आलो आणि पहिल्यांदाच शेवटच्या चार संघांत पोहोचलो. सकाळी भिंतीवरचा तक्ता वाचला. उपांत्य सामना, ब्लूस्टेम लाल विरुद्ध ब्लूस्टेम पांढरा.

शेरिल म्हणाली, "अय्या, आपापसातच! काही झालं तरी जिंकणार आपणच."

ट्रिनाने मुलींना गोल उभं केलं. म्हणाली, "बुटांच्या नाड्या बघा." एवढंच.

पहिला सेट लालने घेतला. आमच्या मुली नुसत्या बघत राहिल्या, जणू अजून झेंडेच धरून उभ्या आहेत. मग मार्लीने हाताची मूठ तोंडापाशी नेऊन ऑलीला काही सांगितलं. ऑली हसली. एवढ्या मोठ्या सामन्यात! आणि त्या बदलल्या. लालच्या प्रत्येकीचं त्यांना माहीत होतं. कुठली मुलगी दमली की सरळ रेषेत मारते, कुणाला पायापुढची सर्व्हिस उचलता येत नाही. संपूर्ण हिवाळा त्यांनी हे कोपऱ्यातून, हातभर अंतरावरून पाहिलं होतं. दुसरा सेट आमचा.

तिसरा पंधरा गुणांचा. तेरा-तेरा. सर्व्हिस लालची.

आम्ही मारलेला चेंडू त्यांनी उचलला आणि तो पेटनच्या डोक्यावर आला. आमच्या मागच्या मुली मोठ्या फटक्यासाठी मागे सरल्या. एकटी ऑली पुढे धावली. मला कळेना, ही वेडी कुठे चालली! आणि पेटनने चेंडू हलकेच पलीकडे टाकला, थेट जिथे ऑली पालथी पडली होती तिथे. चेंडू तिच्या मनगटावरून उडाला. मार्ली त्याच्याखाली गेली. सगळा लाल संघ आमच्या उंच डीनाकडे पाहत होता. मार्लीने मागे न बघता चेंडू पाठीमागे दिला. तिथून आमच्या दुसऱ्या मुलीने तो मारला, समोर अडवायला कुणीच नव्हतं.

चौदा-तेरा. आणि फिरून सर्व्हिस आली मार्लीकडे.

तिने चेंडू दोनदा आपटला आणि तळहातावर फिरवला. डेल असाच फिरवायचा. मारलेला चेंडू नेटवरून जेमतेम गेला आणि त्यांच्या पुढच्या उंच मुलीसमोर असा पडला, जणू कुणी टेबलावर पेला ठेवावा. ती हललीच नाही.

नोव्हेंबरात मी ती घाबरली असं लिहिलं होतं. घाबरलेल्या मुली अशी सर्व्हिस करत नाहीत. मग तेव्हा पांढरा का निवडला, ते देवालाच ठाऊक.

मुली किंचाळत एकमेकींवर पडल्या. ट्रिनाही त्यांच्यावर जाऊन पडली. मग मुली उठल्या, घाम पुसला, आणि मार्ली आणि डीनाने सरळ जाऊन कोपऱ्यातले झेंडे उचलले. ऑली गुणफलक शून्यावर आणायला धावली. मीही टेबलावर जाऊन बसले. नवा कागद पुढे ओढला, पेन्सिलीला टोक केलं आणि पुढच्या सामन्याच्या संघांची नावं लिहायला घेतली. पहिलं ओमाहाचं. दुसरं, ब्लूस्टेम पांढरा.

तिथे हात थांबला.

वेंडेल शिडीखाली उभा होता. शिटी तोंडात धरूनच हसत होता. "लोइस, ऊठ. जिंकलेल्यांना काम नसतं."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

"जिंकलेले कुठे बसतात ते तुला माहीत नाही?"

"कसं माहीत असेल? बोटांवर मोजण्याइतकंच तर जिंकलोय!"

त्याने मला हात देऊन उठवलं. हात लगेच सोडायचा विसरला बहुतेक. गडबडच तेवढी होती.

पेटन डोळे पुसत आली. मार्लीने झेंडा तिच्या हातात दिला, आणि दोघी क्षणभर कपाळाला कपाळ लावून उभ्या राहिल्या. शेरिल माझ्या खुर्चीत बसली. "हे कसं भरायचं गं?" तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी तिला माझी टोकदार पेन्सिल दिली आणि पहिल्या दोन ओळी शिकवल्या. सामन्याच्या मध्येच पाहिलं तर तिच्या कागदावर डीनाने स्वतःलाच सर्व्हिस केली होती.

अंतिम सामना ओमाहाच्या मुलींनी घेतला, तोही तिसऱ्या सेटमध्ये घाम गाळून. शिटी वाजताच आमच्या मुली सवयीने पुन्हा झेंड्यांकडे वळल्या. पण पुढचा सामनाच उरला नव्हता. मग गळ्यात रौप्यपदकं घालून त्या मैदानाच्या मधोमध आडव्या पडल्या आणि छताकडे पाहत हसत राहिल्या. मी कुठे बसले होते? त्यांच्यातच, जमिनीवर. वेंडेलने कॉफी आणली. दोन पेले.

शनिवार, ४ मे

सवयीने पहाटे उठले. पेटीत सँडविच भरली, गाडी सुरू केली. मार्ली झोपेच्या कपड्यांत दारात येऊन म्हणाली, "आई, सीझन संपला."

"मग मी ही सँडविच कुणासाठी केली?"

"चल, बाबांकडे जाऊ. मी पण येते."

दफनविधीनंतर ती तिथे पहिल्यांदाच आली. सोबत चेंडू आणला होता. मी गवत काढलं, ती कुंपणाच्या भिंतीवर चेंडू मारत राहिली, आणि मला कर्नीची सगळी गोष्ट सांगू दिली. मी सांगितली. दोनदा. दुसऱ्यांदा ऑलीची उडी जरा लांब झाली. डेलला चालतं.

तिथेच स्टानेकचा फोन आला. मार्लीने तो मलाही ऐकू येईल असा धरला. पुढच्या चाचणीला या, म्हणाले. लालमध्ये, आणि या वेळी बाकावर नाही.

मार्लीने चेंडू काखेत धरला. "कोच, एक विचारू? लालचं टेबल कोण करतं?"

"टेबल?" ते गोंधळले. "ज्या पालकाची पाळी असेल तो. का गं?"

"आणि विमानात पालकांना नेता?"

"ज्यांना यायचं ते येतात."

"माझ्या आईला यायचं आहे. टेबल ती करेल. तसं असेल तर येते मी चाचणीला. आणि ऑलीलाही बघा."

मला विचारलंही नाही. आयुष्यात मी विमानात पाय ठेवलेला नाही. आणि ज्या जागेसाठी अख्ख्या राज्यातल्या मुली जीव टाकतात ती समोर आली असताना ही टेबलाचं विचारते! पोरगी विचित्रच आहे. बापावर गेली आहे.

सँडविच तिथेच खाल्ली. येताना दुकानात थांबले आणि पेन्सिलींचा नवा डबा घेतला.